वन्संचा विकतचा कान

लग्नात माहेरून मी बारा बश्यांचा सेट आणला होता. सासरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या नणंदेनं त्यातल्या दोन बश्या कचऱ्यात टाकल्या. मला विचारलंसुद्धा नाही. एकेक बशी हातावर घेतली, नखानं टिचकी मारली, कान दिला आणि दोन बाजूला काढून म्हणाल्या, "या बद्द वाजतात. आज ना उद्या कुणाच्या तरी मांडीवर गरम गरम सांडेल." मी त्या बश्या उजेडात धरून उलट्यासुलट्या करून बघितल्या. कुठं काही दिसेना. मनात म्हटलं, झालं, ही बाई आता जन्मभर माझ्या प्रत्येक गोष्टीला टिचकी मारणार.

तसंच झालं. सव्वीस वर्षं आम्ही एका छपराखाली काढली आणि त्यातली पंचवीस भांडण्यात. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची घरात कुणाची टाप नव्हती. मी एकदा जीव मुठीत धरून विचारलं, तर भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "स्थळं चार-पाच बघितली गं वहिनी. सगळी बद्द वाजली."

त्यांचं कामच ते होतं. आमच्या गावात कपबश्यांचा कारखाना आहे. भट्टीतून निघालेला माल निवला की तपासणीच्या खोलीत येतो. खोलीत खिडकीशी एक उंच स्टूल आहे आणि पुढं लांब टेबल, त्यावर जाड कापड अंथरलेलं. त्या स्टुलावर वन्सं एकतीस वर्षं बसल्या. डाव्या हाताच्या तीन बोटांवर कप उलटा धरायचा आणि उजव्या हातातल्या लाकडी काडीनं त्याच्या काठावर हलकेच एकदा मारायचं. कप चांगला असेल तर खणखणीत वाजतो आणि आवाज थोडा वेळ रेंगाळतो. आत केसाएवढा तडा असला तर आवाज बद्द येतो, तिथल्या तिथं मरतो. तो तडा डोळ्याला दिसत नाही, कानालाच कळतो. दिवसाला दोन हजारांवर कप त्या असे ऐकायच्या. बाद झालेला कप मागच्या अंगणातल्या लोखंडी पिंपात त्याच दिवशी फोडायचा, हा नियमही त्यांचाच. पूर्वी तो माल गेटवर स्वस्तात विकायचे. वन्संनी मालकापर्यंत जाऊन भांडून ते बंद करवलं.

मला त्या कारखान्यात त्यांनीच चिकटवलं. त्यांनी पास केलेले कप कागदात गुंडाळायचे आणि खोक्यात पेंढा घालून भरायचे, हे माझं काम. माझं टेबल त्यांच्या स्टुलापासून सहा पावलांवर. म्हणजे घरी नणंद आणि कामावरही नणंद. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पण एक कबूल करते. माझ्या खोक्यातला कप फुटका निघाला अशी तक्रार एवढ्या वर्षांत एकदाही आली नाही, आणि त्याचा मला फार तोरा होता. जणू माझंच कर्तृत्व.

पन्नाशी उलटल्यावर त्यांचा कान जायला लागला. आधी दारावरची बेल ऐकू येईना, मग मोबाइलची रिंग. मला काही कळलं नव्हतं. मी टोमणा मारला आणि उलट टोमणा आला नाही, असं आठवड्यात तीनदा झालं, तेव्हा मात्र ध्यानात आलं. मी ह्यांना म्हटलं, "अहो, ताईंना दाखवून आणा कुणाला तरी." डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज आधी जातात. कप बारीकच वाजतो. निवृत्तीला सहा वर्षं होती.

वन्संनी फंडातली सगळी रक्कम काढली आणि काचेच्या दरवाज्याच्या एका दुकानातून कानाचं यंत्र घेतलं. शेंगदाण्याएवढं ते, कानामागं बसणारं. तिथं चष्मा लावलेली एक मुलगी होती, ती कॉम्प्युटरला जोडून ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणं यंत्र लावून द्यायची. आमच्या बाई तिथं पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेले चार कप घेऊन गेल्या, दोन चांगले, दोन तड्याचे. मुलगी म्हणाली, "आजी, हे कशाला?" वन्सं म्हणाल्या, "माणसांचं बोलणं नंतर. आधी मला यांचं ऐकू आलं पाहिजे."

त्या मुलीचं कौतुक करावं तेवढं थोडं. बाहेर चार गिऱ्हाइकं खोळंबलेली, आणि ही बाई दीड तास कप वाजवतेय आणि सांगतेय, "अजून कोता येतोय. आता कर्कश झाला. आता जरा मागं घे." मुलगी प्रत्येक वेळी काहीतरी बदलायची. शेवटी वन्संनी चारही कप डोळे मिटून ओळखले आणि मान हलवली. मुलीनं ते सगळं चौथ्या नंबरला बसवलं आणि त्याला नाव दिलं, "कप". यंत्रावरचं बटण चारदा दाबलं की वन्संचा जुना कान परत. त्या दिवशी घरी आल्या आल्या मला म्हणाल्या, "वहिनी, चहा ढवळताना किती गं आवाज करतेस." मी तोंड फिरवलं, कारण मला रडू आलं होतं आणि त्यांना ते दाखवायचं नव्हतं.

दोन वर्षं सुखाची गेली. मग कान अजून थोडा उतरला. त्यात विशेष काही नाही. वयानं कान उतरतो, तसतसं यंत्र वाढवून घ्यायचं असतं, हे त्या मुलीनंच सांगून ठेवलं होतं. आम्ही दोघी गेलो तर काचेचा दरवाजा होता, पण आत नुसत्या तारा लोंबत होत्या. दुकान बंद. त्या कंपनीची सगळीच दुकानं बंद झाली होती.

आम्ही मोठ्या रस्त्यावरच्या दुसऱ्या कानवाल्याकडं गेलो. माणूस भला होता, वयस्कर, घाई नसलेला. त्यानं यंत्र फुंकून साफ केलं, तार जोडली, पडद्याकडं बघितलं आणि खुर्चीत मागं टेकला.

"यंत्र उत्तम आहे बाई," तो म्हणाला. "अजून पाच-सात वर्षं याला मरण नाही. आवाज वाढवायची ताकदही आहे आत. पण याला कुलूप आहे."

"कसलं कुलूप?" मी विचारलं.

"ज्या कंपनीच्या दुकानातून घेतलं, त्यांच्याच कॉम्प्युटरवर हे उघडतं. माझ्याकडं उघडत नाही. कुणाकडंच उघडणार नाही."

"मग फोडा ते कुलूप. यंत्र आमचं आहे, आम्हीच सांगतोय."

"किल्ली त्यांच्याकडं आहे," तो म्हणाला. "पुन्हा पुन्हा चुकीची किल्ली लावली तर आतलं सगळं पुसून जाईल. मग तुमचं ते कपाचं सेटिंगही जाईल."

वन्सं आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होत्या. "काय म्हणतात गं?" मी कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. वन्सं एवढंच म्हणाल्या, "पण विकत घेतलंय मी."

आता मला सांगा. मी कढई विकत आणली, तर तिच्यात काय परतायचं हे कढईवाला ठरवतो का? माझ्या शिलाई मशीनला कुणी तेल घालायचं, हे मशीन विकणारा सांगतो का? पायातली चप्पल तुटली तर पहिला दिसेल त्या चांभाराकडं मी टाका घालून घेते, चप्पलवाल्याची चिठ्ठी मागत नाही. आणि हे तर कानात घालायचं. अंगाला लागून असलेली वस्तू, रोज पुसायची, जपायची, रात्री डबीत ठेवायची. तिच्यावर हुकूम कुणा दुसऱ्याचा.

ह्यांनी खरेदीचे कागद काढले. पाच पानं, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. भिंग लावून दोन संध्याकाळी वाचले. त्यात लिहिलं होतं की यंत्र गिऱ्हाइकाचं, पण यंत्राच्या आतला प्रोग्राम कंपनीचा. गिऱ्हाइकाला तो वापरायची फक्त परवानगी. खाली वन्संची सही, इतकी वर्षं काडी धरलेल्या हाताची, ठसठशीत. आमचे हे सरळ माणूस. कागद खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे डबा आपला आणि आतलं त्यांचं."

मी कंपनीला फोन लावला. ती कंपनी दुसऱ्या कुणी तरी घेतली होती, फोन त्यांच्याकडं लागला. हे दाबा, ते दाबा करत वीस मिनिटांनी एक माणूस बोलायला आला. फार गोड बोलायचा. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, यंत्र ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशीच बोलावं लागेल.

"अहो, त्यांना फोनवर ऐकू येत नाही."

"मॅडम, नियमाप्रमाणं ग्राहकानं स्वतः बोलणं गरजेचं आहे."

"ऐकू येत असतं तर तुमचं यंत्र कशाला घेतलं असतं?"

पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी फोन वन्संच्या कानाला लावला. बहिऱ्या माणसांची एक सवय असते, ज्याच्या घरात असेल त्याला कळेल. ऐकू आलं नाही हे समोरच्याला कळू नये म्हणून ती हो म्हणतात. वन्सं म्हणाल्या, "हो." मग म्हणाल्या, "हो, हो." मग थोडं थांबून हसून, "हो." फोन बंद झाला. पाच मिनिटांनी माझ्या मोबाइलवर मेसेज आला, तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे, समाधानाबद्दल धन्यवाद. पुढं मी अकरा वेळा फोन केला. एकदा कुणी तरी खरं काय ते सांगितलं: या जातीच्या यंत्राची सेवा आता बंद आहे, नवीन घेतलं तर सवलत मिळेल. फंड काही दोनदा निघत नाही.

कारखान्यात वन्संनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. कप कानाच्या अगदी जवळ धरायच्या, श्वास रोखून ऐकायच्या. पण मला तेव्हापासून खोकी भरताना चैन पडेना. एक दिवस खोक्यावर नंबर टाकायच्या पेन्सिलीनं मी सहज एका कपाला मारून बघितलं. खणखणीत. दुसऱ्याला मारलं, तिसऱ्याला मारलं. चौथ्या दिवशी एक बद्द वाजला.

मी काय करायला हवं होतं? त्यांना सांगायला हवं होतं, नाहीतर सुपरवायझरला. मी तो कप माझ्या टेबलाखालच्या पेंढ्याच्या पोत्यात लपवला आणि सुटीच्या वेळी पिंपात टाकून आले. मग रोजच वाजवून बघायला लागले, वन्संची पाठ असताना, हलक्या हातानं. सव्वीस वर्षं त्यांच्या टिचक्या ऐकून माझाही कान तयार झाला होता, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. कधी एक सापडायचा, कधी तीन. महिनाभर असं चाललं. वाटायचं, मी एवढं सांभाळलं की चार वर्षं निघून जातील. मी वन्संची फसवणूक करत होते, आणि त्यांच्यासाठी करत होते. काय म्हणायचं ते म्हणा.

एका संध्याकाळी मी हात धुवायला गेले होते. वन्संना पेंढा लागला म्हणून त्यांनी माझ्या पोत्यात हात घातला. त्या दिवशी त्यात पाच कप होते. मी आले तेव्हा पाचही कप टेबलावर ओळीनं मांडलेले आणि त्यांत पाणी ओतलेलं. तीन कपांना बाहेरून ओलसर रेघ सुटली होती. वन्संनी माझ्याकडं बघितलं नाही. पाणी फेकून दिलं, कप उचलले आणि स्वतः पिंपाकडं घेऊन गेल्या. घरी जेवताना आमटी खारट झाली होती, मला कळत होतं. त्यांनी ती भातावर ओतून सगळी संपवली.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडं माल येईना. मला वाटलं भट्टी उशिरा उघडली असेल. मी कागदाच्या घड्या घालत बसले. मागच्या अंगणात पिंपात कप फुटत होते, पण तो आवाज रोजचाच, त्याकडं कुणाचं लक्ष असतं? दुपारी सुपरवायझर आला. हा माणूस कामावर लागला तेव्हा वन्संनीच त्याला काडी धरायला शिकवलं होतं. तो त्यांना आक्का म्हणायचा. म्हणाला, "आक्का, भट्टी नासली का आज? बाराशेच्या वर कप बाद?"

वन्संना ऐकू आलं नाही. त्या कप वाजवत होत्या, ऐकत होत्या आणि बादच्या क्रेटमध्ये ठेवत होत्या. त्यानं क्रेटमधला एक कप उचलला आणि नखानं टिचकी मारली. इतका सुंदर वाजला तो कप. त्यानं दुसरा उचलला, तिसरा उचलला. सगळे खणखणीत. खोलीतली सगळी माणसं थांबली.

वन्संना ते चेहऱ्यांवरून कळलं. त्यांनी त्याच्या हातातला कप घेतला, यंत्राला टेकवला आणि काडी मारली. पुन्हा मारली. मग काडी टेबलावर ठेवली. "ज्याची खात्री नाही तो कप पुढं पाठवायचा नाही, हे मीच शिकवलंय सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "मला सकाळपासून एकाचीही खात्री वाटली नाही." फार मोठ्यानं बोलत होत्या, त्यांना कळत नव्हतं. अंगणात हजारभर चांगल्या कपांचे तुकडे पडले होते आणि ते माझ्यामुळं पडले होते. मी पहिल्या दिवशी तोंड उघडलं असतं, तर तो दिवस त्यांना सगळ्यांसमोर बघावा लागला नसता.

सुपरवायझर त्यांना पॅकिंगला घेतो म्हणाला, मनापासून म्हणाला. वन्संनी मान हलवली. माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "हिला बसवा माझ्या जागी. माझ्यामागून हीच तपासतेय. हिचा कान चांगला आहे." एवढ्या वर्षांत त्यांनी माझं केलेलं ते पहिलं कौतुक. मला ते नको होतं.

आता मी त्या स्टुलावर बसते. वन्सं घरी असतात. यंत्र दोन महिने डबीत पडून होतं, मग त्यांच्या मनात आलं की भट्टीवरच्या म्हाताऱ्याला द्यावं, त्यालाही कमी ऐकू येतं आणि त्याची ऐपत नाही. घेऊन गेले मी मोठ्या रस्त्यावरच्या कानवाल्याकडं. तो म्हणाला, ते तुमच्या नणंदेच्याच कानाला लावलेलं आहे, कुलूप उघडल्याशिवाय दुसऱ्याच्या कानाला लावता येत नाही. म्हणजे दुरुस्त करता येत नाही, देता येत नाही, विकायचं तर लांबच. मग विकत घेतलं म्हणजे नेमकं काय घेतलं, हे मी कंपनीला पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं. छापील होतं. यंत्रात कोणताही दोष आढळलेला नाही, असं त्यात होतं.

घर फार शांत झालंय. भांडायलासुद्धा समोरच्याला ऐकू यावं लागतं. मी मुद्दाम आमटी खारट करून बघितली, चहा खळखळ ढवळून बघितला. वन्सं माझ्या तोंडाकडं बघतात आणि हो म्हणतात. मी काहीही बोलले तरी हो. माझ्या वन्सं कधी कशाला हो म्हणाल्या नव्हत्या.

परवा कामावरून आले तर त्या दारातच बसल्या होत्या. म्हणाल्या, "वहिनी, एक विचारू? हसू नकोस." मी शेजारी बसले. त्या म्हणाल्या, "चांगला कप कसा वाजतो गं? काल दिवसभर आठवून बघितलं. बद्द आठवतो, तो चांगला आठवत नाही."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. काय सांगणार? खणखणीत म्हटलं. टण म्हटलं. मग आणखी जोरात म्हटलं, शेजारची बाई खिडकीत आली. वन्सं डोळे मिटून, मान कलती करून ऐकत होत्या, पूर्वी कप ऐकायच्या तशा. मग डोळे उघडून माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "असू दे. दमून आली आहेस. उद्या सांग."